वही नावाची संहिता: भाषाशिक्षकाचे संशोधन आणि मराठी समीक्षेची अनास्था

मराठी समीक्षेत गेल्या काही दशकांत वाचक या संकल्पनेची चर्चा विपुल झाली. रसिक, सहृदय, जाणकार, अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक अशा त्याच्या नाना प्रतिमा उभ्या राहिल्या. वाचकप्रतिसादाच्या पाश्चात्त्य सिद्धान्तांचा परिचय करून देणारे लेखही नियतकालिकांतून आले. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट जवळजवळ अनुपस्थित आहे, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष वाचक. मराठी कविता ज्यांच्या पुढ्यात रोज ठेवली जाते, तिचा अर्थ लावणे ज्यांना सक्तीचे असते आणि त्या अर्थाचा लेखी पुरावा जे रोज निर्माण करतात, असा वाचकवर्ग शाळा-महाविद्यालयांच्या बाकांवर बसलेला आहे. त्याच्यासमोर उभा असलेला भाषेचा शिक्षक पुष्कळदा स्वतःच समीक्षक असतो. तरीही समीक्षा लिहावयाची ती घरी येऊन, वर्ग वर्गातच ठेवून, असा मराठीचा रिवाज आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी टाकून दिलेला हा वर्ग शिक्षणशास्त्राने उचलला. शिक्षकाने स्वतःच्या वर्गाचा अभ्यास करावा या विचाराला मराठीत ‘कृतिसंशोधन’ असे नाव आहे. पदविका व पदवी अभ्यासक्रमांतून, सेवांतर्गत प्रशिक्षणांतून आणि नवोपक्रमांच्या स्पर्धांतून ते महाराष्ट्रभरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचले आहे. त्याचा आराखडा सर्वांच्या परिचयाचा आहे: समस्येचे विधान, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी, मध्यमानांची तुलना, निष्कर्ष, शिफारशी. निष्कर्ष बहुधा एकच असतो, की उपाययोजनेमुळे विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली. अपयशी कृतिसंशोधन पाहायला मिळणे दुर्मीळ. ज्या शोधाचा शेवट आराखड्यातच लिहून ठेवलेला असतो, त्याला शोध म्हणावे काय, हा प्रश्न वेगळा. त्याहून गंभीर प्रश्न असा, की या आराखड्याला भाषेचा वर्ग आणि विज्ञानाचा वर्ग यांत काही अंतरच दिसत नाही. भाषा ही येथे ‘घटक’ असते आणि मुलाचे लेखन हा ‘प्रतिसाद’. त्यातून गुण काढून घेतले, की कागदाचे काम संपते.

या पद्धतीचे अपुरेपण कोठे उघडे पडते हे पाहायचे असेल, तर अहमदनगर जिल्ह्याकडे (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर) पाहावे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, आणि त्यांत बोलीची एकसंधता शोधणाऱ्याची निराशा व्हावी अशी स्थिती. अकोल्याच्या पश्चिमेचा डांगाण पट्टा महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा. पारनेर-संगमनेरकडे ‘माझं-तुझं’ऐवजी ‘मपलं-तुपलं’ ऐकू येते. जामखेड-पाथर्डीची बोली बीडच्या बोलीला जाऊन मिळते आणि कोपरगावची नाशिककडे झुकते. ‘नगरी मराठी’ हे नाव सोयीसाठी ठीक. वर्गात मात्र शिक्षकाच्या कानावर येते ते प्रत्येक तालुक्यात निराळे असते. याच जिल्ह्यात संगमनेरला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, जुनी महाविद्यालये आहेत, मराठीचे विभाग आहेत. साधने नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही.

कृतिसंशोधनाचा सर्वांत लाडका विषय शुद्धलेखन. समजा, पाचवीच्या वर्गात मुले ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘आणि’ऐवजी ‘आनि’ लिहितात, अशी समस्या शिक्षकाने निवडली. ‘ण’युक्त शब्दांची यादी केली, पूर्वचाचणी घेतली, महिनाभर सराव दिला, उत्तरचाचणीत चुका घटल्या. प्रकल्प पूर्ण झाला. आता त्याच मुलांच्या निबंधाच्या वह्या उघडाव्यात. तेथे ‘मन’चे ‘मण’ झालेले आणि ‘पान’चे ‘पाण’ झालेले सापडते. ज्यांनी ग्रामीण शाळांतल्या वह्या तपासल्या आहेत त्यांना हे रूप अपरिचित नाही. ही चूक यादीत नव्हती, म्हणून ती मोजली गेली नाही. आणि ती चाचणीत नसून निबंधात आहे, म्हणून ती ‘प्रदत्त’ ठरत नाही. वस्तुतः संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. ज्या मुलाच्या उच्चारात ‘न’ आणि ‘ण’ हा भेदच नाही, त्याला कोणत्या शब्दात कोणते अक्षर, हे एकेका शब्दागणिक पाठ करावे लागते. शिक्षकाला ‘ण’ आवडतो, एवढेच त्याच्या ध्यानात आले आहे. म्हणून जेथे शंका तेथे तो ‘ण’ घालतो. हा अडाणीपणा खास नव्हे. एका नियमाचा अंदाज बांधण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्यामागचे तर्कशास्त्र कोणाही व्याकरणकाराने दखल घ्यावी असे आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘श’ आणि ‘ष’ यांतला उच्चारभेद सुशिक्षितांच्या मराठीतूनही लोपला आहे. ‘विषय’ आणि ‘आशय’ ही दोन्ही अक्षरे एकाच तऱ्हेने उच्चारून प्राध्यापक ती निरनिराळी लिहितात ती केवळ स्मरणाच्या बळावर. अन्त्य इकाराच्या ऱ्हस्वदीर्घाचेही तेच. १९६२च्या लेखनविषयक नियमांनंतरही ते नियम जवळ ठेवल्यावाचून मजकूर छापायला न देणारे लेखक थोडे नाहीत. म्हणजे उच्चारात नसलेला भेद लेखनात सांभाळण्याची अडचण डांगाणातल्या मुलाची आणि पुण्याच्या प्राध्यापकाची सारखीच आहे. एकाची चूक मुद्रणदोष म्हणून खपते. दुसऱ्याची चूक त्याच्या घराचा, जातीचा आणि गावाचा दाखला म्हणून वाचली जाते. चुकांची बेरीज करणाऱ्या पद्धतीला हा फरक कधीही दिसणार नाही, कारण तो चुकीत नसून चूक वाचणाऱ्याच्या दृष्टीत आहे. संशोधन करावयाचे तर प्रथम या दृष्टीचेच करावे लागेल. आणि कृतिसंशोधनाच्या आराखड्यात शिक्षकाची दृष्टी हा संशोधनाचा विषय होऊच शकत नाही. समस्या नेहमी विद्यार्थ्यांची असते.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे हात झटकण्याचे कारण नाही. व्यंकटेश माडगूळकर किंवा शंकर पाटील यांच्या कथेतील संवाद शिकवताना ‘बोलीचा गोडवा’ आणि ‘अस्सल ग्रामीण रंग’ ही उत्तरे फळ्यावर लिहून देण्याचा प्रघात आहे. ती उत्तरे वहीत उतरवून घेणाऱ्या मुलाने त्याच बोलीत आपले एक वाक्य लिहिले, तर त्याखाली लाल रेघ येते. कथेच्या पात्राला जी भाषा शोभते ती कथेच्या वाचकाला शोभत नाही, असा हा न्याय आहे. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने आणि पुढे देशीवादाच्या वादाने ‘आपली भाषा कोणती’ या प्रश्नावर बरेच रण माजवले. भालचंद्र नेमाडे यांनी काही काळ नगरमध्येच अध्यापन केले होते, हा योगायोगही येथे आठवावा. परंतु त्या दोन्ही वादांत वर्गातली वही पुराव्यादाखल क्वचितच पुढे आली. देशीयतेचे निकष कादंबऱ्यांतून काढले गेले. पारनेरच्या मुलाचे ‘मपलं’ कोणत्या इयत्तेत, कोणाच्या हातून आणि कोणत्या शब्दांत खोडले जाते, हा देशीयतेचाच प्रश्न आहे, असे वाद घालणाऱ्यांना फारसे वाटलेले दिसत नाही.

परंतु कृतिसंशोधनाचा सर्वांत मोठा दोष शुद्धलेखनात नाही. तो हजेरीपटात आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, बरोबर लेकरे. काही टोळ्या दूरवर जातात, काही याच जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या कारखान्यांच्या फडांवर उतरतात. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ १९५०च्या सुमारास जेथे प्रवरेकाठी झाला, तोच हा भाग. म्हणजे एकाच जिल्ह्यात दक्षिणेचे मूल उत्तरेत परके होते. पूर्वचाचणीच्या वेळी वर्गात असलेले हे मूल उत्तरचाचणीच्या वेळी कोपीवर असते. मग अहवालात एक निरुपद्रवी वाक्य येते: दोन्ही चाचण्यांना उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यांचाच विचार केला आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. तुलनेसाठी जोडी लागते, आणि जोडी नसेल तर नोंद गाळावी लागते. पण या निर्दोष वाक्याने वर्गातली सर्वांत अडचणीत असलेली मुले संशोधनातून बाहेर पडतात, आणि उरलेल्यांच्या प्रगतीवर उपाययोजनेचे यश सिद्ध होते. हंगामी वसतिगृहे आणि साखरशाळा यांनी काही मुले गावात वा शाळेत राहतात हे खरे. तथापि गाळलेल्यांची रांग त्याने संपलेली नाही.

हेच मूल परत येते तेव्हा त्याची ‘शब्दसंपत्ती’ मोजली जाते आणि ती कमी भरते. फड, मोळी, वाढे, पाचट, कोपी, उचल, खाडा या शब्दांची बारीक जाण त्याला असते. वाढे विकून काय मिळते आणि खाड्याचे किती कापतात, हा हिशेब ते तोंडी करते. चाचणीत यातला एकही शब्द नसतो. भाषेच्या शिक्षकाला येथे चाचणीची नव्हे, वाचनाची गरज आहे: त्या मुलाला सांगू द्यावे, सांगितलेले त्याच्याच शब्दांत उतरवावे आणि मग तो मजकूर संहिता म्हणून बारकाईने वाचावा. संहितेचे बारकाईने वाचन कसे करतात, हे शिकवण्याचा व्यवसाय मराठीचे विभाग पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

विद्यार्थ्याचे लेखन संहिता म्हणून जपले गेल्याचे एक लखलखीत उदाहरण मराठीत आहे, आणि त्याचा धागा नगरलाच येऊन मिळतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. सिंथिया फरार यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फरार यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या पुण्यातील शाळेतली मुक्ता ही मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघाले ते नगरहून. आज या निबंधाला दलित स्त्रीलेखनाच्या इतिहासात अग्रस्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो वर्गातून आलेला निबंध आहे, ही गोष्ट त्याच्या समीक्षेत क्वचितच महत्त्वाची ठरते. तो लिहिणाऱ्या मुलीला युक्तिवादाची ती वळणे कोणत्या पाठांतून मिळाली, प्रश्नामागून प्रश्न विचारण्याची ती रीत फळ्यासमोरची की वस्तीतल्या गाऱ्हाण्याची, शिक्षकाने वर्गात काय म्हटले असावे म्हणून तिला असे लिहिण्याचे धैर्य झाले, हे प्रश्न भाषाशिक्षणाचे आहेत आणि तितकेच समीक्षेचेही. त्या निबंधाला कोणी गुण दिले असते आणि कागद टाकून दिला असता, तर मराठी वाङ्मयेतिहासात एका पानाची कायमची उणीव राहिली असती. तो वाचला, कारण कोणीतरी तो जसाच्या तसा छापण्याच्या योग्यतेचा मानला.

वर्गाकडे तुच्छतेने पाहण्याची सवय मराठी समीक्षेने पश्चिमेकडून घेतली असेही म्हणता येत नाही, कारण पश्चिमेतील समीक्षेचे काही मूलगामी ग्रंथ वर्गातूनच निघालेले आहेत. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवीचे नाव न देता कविता वाटल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि त्या कागदांच्या आधारे १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठीत या ग्रंथाचे काय झाले? ‘प्रात्यक्षिक समीक्षा’ नावाचा प्रश्न पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत आला, कविता देऊन तिचे रसग्रहण मागितले जाऊ लागले, आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा करून त्यांचा अभ्यास करणे हा जो मूळ ग्रंथाचा गाभा होता तो वाऱ्यावर गेला. संशोधनाची रीत घेऊन तिची परीक्षा केली. रिचर्ड्स यांच्या मर्यादाही आहेत. गैरवाचनाची कारणे त्यांनी वाचकाच्या मनात शोधली. तो वाचक कोणत्या घरातून, कोणत्या शाळेतून आला, हे विचारले नाही. ती उणीव नगरसारख्या जिल्ह्यातला शिक्षक भरून काढू शकला असता.

स्टॅन्ली फिश यांचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १९७१च्या उन्हाळ्यात बफलो येथे एका तासाला फळ्यावर लिहिलेली भाषावैज्ञानिकांच्या नावांची यादी त्यांनी पुसली नाही. तिच्याभोवती चौकट काढली, वर पृष्ठक्रमांक घातला आणि पुढच्या तासाच्या विद्यार्थ्यांना ती धार्मिक कविता असल्याचे सांगितले. विद्यार्थ्यांनी तिचा सविस्तर अर्थ लावला. अर्थ लावणाऱ्या समूहांचा त्यांचा सिद्धान्त मराठीत चर्चिला जातो. फळा मात्र गाळला जातो. चौकट कोण काढतो, हा खरा मुद्दा आहे. लाल शाई हीदेखील एक चौकटच आहे.

शिक्षणशास्त्रातही एकच परंपरा नाही. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली ती अल्पसंख्याकांच्या प्रश्नांच्या संदर्भात. १९५३ मध्ये स्टीफन कोरी यांनी तिला शाळेच्या सुधारणेकडे वळवले, आणि मराठीतला प्रचलित आराखडा या दुसऱ्या वळणाचा वारस आहे. १९७५ मध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी शिक्षक हाच संशोधक, असा आग्रह धरला, तेव्हा त्यांचा भर परिकल्पना सिद्ध करण्यापेक्षा वर्गात काय घडते याच्या चिकित्सक नोंदीवर होता. महाराष्ट्रात याहून जवळचे उदाहरण मॅक्सिन बर्नसन यांचे आहे. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेद हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९७३ मध्ये तो पूर्ण झाला, आणि त्यानंतर त्याच गावात त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केले, मुलांना वाचायला शिकवण्याची पद्धत बांधली. आधी गाव कसे बोलते ते ऐकले, मग फळ्याकडे वळल्या. हा क्रम प्रशिक्षणाच्या आराखड्यात नेमका उलटा असतो.

तेव्हा भाषेच्या शिक्षकाने आपल्या वर्गाचा अभ्यास कसा करावा? एखाद्या वर्गाच्या वर्षभराच्या वह्या, त्यांवरील शिक्षकाच्या शेऱ्यांसह, जपाव्यात. शेरा हाही संहितेचाच भाग मानावा. एका कवितेवरची मुलांची बोलणी ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्यावीत आणि त्यांत शिक्षकाने कोठे तोडले, कोणाचे उत्तर ऐकले न ऐकलेसे केले, हे स्वतःच तपासावे. हे कष्टाचे आणि बरेचसे अप्रिय काम आहे. स्वतःचा तास कागदावर वाचताना शिक्षकाला पहिली जाणीव होते ती बहुधा स्वतःच्या बोलण्याच्या लांबीची. मुलांची नावे बदलावीत, घरची गुपिते छापू नयेत. जे मूल मध्येच निघून गेले त्याची अर्धी वहीसुद्धा ठेवावी आणि ती का तुटली, याची नोंद तिच्यावरच करावी. जोडी नाही म्हणून ती गाळू नये.

यावर आक्षेप येईल, की एका वर्गावरून सामान्य निष्कर्ष काढता येत नाहीत. हा आक्षेप साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावा, याचे नवल वाटते. एकाच कवितेवर तीस पाने लिहिताना त्याला नमुन्याच्या आकाराची चिंता वाटत नाही. एका कवितेचे वाचन ग्राह्य ठरते ते संहिता सर्वांपुढे असते म्हणून, वाचन पडताळता येते म्हणून. वही छापली तर तीही पडताळता येईल. गुणांचा तक्ता पडताळता येत नाही, कारण उत्तरपत्रिका रद्दीत गेलेल्या असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोलीचे असे कौतुक करता करता मुलाला प्रमाण मराठीपासून वंचित ठेवले जाईल, आणि त्याचा तोटा शहरातल्या मुलाला कधीच होणार नाही. ही भीती खरी आहे. बोलीचा गौरव करणाऱ्यांची स्वतःची मुले प्रमाणभाषेतच, किंवा तिलाही ओलांडून इंग्रजीत, शिकत असतात. प्रमाण मराठी हा जामखेडच्या मुलाचा हक्क आहे. पण ‘मण’ आणि ‘पाण’ लिहिणाऱ्या मुलाला ती देता येईल ती त्याचा अंदाज कोठे चुकला, हे कळल्यावर. आणि ते कळते वही वाचल्याने, मोजल्याने नव्हे.

तिसरा आक्षेप वेळेचा. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. निवडणुकांच्या नावाखाली किती कामे येतात, हे शिक्षकांना विचारावे. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. म्हणून या कामाचा भार एकट्या शाळाशिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. नगरची महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत आहेत, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. तेथील मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने कादंबरीकारांवरील आणखी एका लघुप्रबंधाऐवजी शेवगावच्या एका वर्गाच्या वह्या घेऊन प्रबंध लिहितो म्हटले, तर मार्गदर्शक तो विषय साहित्याचा मानील काय, की शिक्षणशास्त्र विभागाचे दार दाखवील? आज तरी दुसरेच संभवनीय दिसते. शिक्षणशास्त्र विभागात त्याला आराखडा मिळेल, आणि आराखड्याप्रमाणे पूर्वचाचणी ऑक्टोबरात, उत्तरचाचणी फेब्रुवारीत. टोळ्या गावी परततात त्या कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, मार्च-एप्रिलात.